रुमालाखाली

बाजाराच्या दिवशी वरखेडीत एवढा गलका
की घुंगरांतून माणूस ऐकू येऊ नये.
त्यात माझा बाप, दौलत दलाल,
मालेगावच्या यासीन शेठचा हात
रुमालाखाली धरून उभा.
तोंडाने भलतंच: पाऊसपाणी, कुणाच्या पोरीची सोयरीक,
नगरदेवळ्याचा रस्ता.
भाव बोटांत.
चार दाबली म्हणजे काय, अंगठा मुडपला म्हणजे काय,
ते त्या दोघांना आणि रुमालाला ठाऊक.

मी विचारलं होतं. नऊ वर्षांची असेन.
“तुले काय करनं शे?” म्हणाला,
आणि भागचंदला घेऊन बसला ओट्यावर,
त्याची बोटं एकेक उघडत, मिटत.

मला मग लांबून बघणं उरलं.
चहाच्या पालाशी उभं राहून कळलं,
नुसता घाम पुसणाऱ्याचा खांदा कसाही हलतो.
सौदा करणाऱ्याचा ठेक्यात हलतो,
बारीक, मुंगीने दाणा ओढावा इतका.
किती रुपये, ते नाही.
पण इथे काहीतरी ठरतंय, एवढं
मी कडब्याच्या गंजीवरून सांगायचे.
कुणी विचारलंच नाही, ते सोडा.

आता पाचोऱ्यात, गच्चीवर, रात्रीचे दोन.
कपड्यांच्या दोरीला बांधलेली तांब्याची तार,
पाटावर लॅपटॉप.
पडद्यावर गवत. आम्ही त्याला गवतच म्हणतो,
गोंगाटाची ती खुरटी पाती, इथूनतिथून सारखी.
कुणाच्या बोअरचा स्टार्टर, कुणाचा इन्व्हर्टर,
भुसावळकडे निघालेलं इंजिन
तारेवर ठिणगी टाकतं, की गवत गुडघाभर.

यात कुणी बोलतंय, असा चार रात्री संशय आहे.
ओरडत नाही. उलट
आवाज इतका पातळ करून पसरलाय त्याने,
वाटीभर दूध गिरणेत ओतावं तसा.
कुठेही ओंजळ भरा, नुसतं पाणी.
ज्याच्याकडे त्याची अधिक-उण्याची माळ आहे
तो ते दूध परत वाटीत गोळा करतो.
माझ्याकडे माळ नाही.
ती कुठल्यातरी भागचंदला दिलेली.

माळ नसलेल्यांचाही एक हिशेब असतो.
जे आलंय ते त्याच्याशीच गुणायचं.
अधिक गुणिले अधिक, अधिक.
उणे गुणिले उणे, तेही अधिक.
लपायला त्याने जेवढ्या कोलांट्या घेतल्या
तेवढ्या सगळ्या सरळ.
मग बेरीज करत राहायची.
गोंगाट आपापसात भांडून बसतो,
खरं ते थेंबथेंब चढतं.
पाच मिनिटांत काही नाही.
वीस मिनिटांत, असेल, नसेल.
लॅपटॉपचा पंखा तापला. खाली आई खोकली, झोपली.
अडतिसाव्या मिनिटाला
दुप्पट वारंवारतेवर
गवतातून एक तुरकाठी. उभी.

मी जागची हलले नाही.
एक हात तेवढा दुसऱ्या हातात गेला होता
ओढणीखाली, कधी ते कळलं नाही.

भागचंद आता स्टँडवर मोबाइलची कव्हरं विकतो.
मागे विचारलं, तर म्हणाला, अंगठा म्हणजे पन्नास...
का पाच? बापू गेले ना आता, सोड.
यासीन शेठही गेला.
ती बोटं आता कुणालाच वाचता येत नाहीत.
ठेका तेवढा मला पाठ आहे.

वहीत लिहिलं: दोन वाजून एक्केचाळीस. ईशान्येकडून.
एका तारेवर दिशा कळत नाही. खोडलं.
लिहिलं: आहे.
काय, ते माहीत नाही. कुणाचं, तेही.
खाली रेघ मारली,
तोवर तीन दहाची मालगाडी आली,
तुरकाठी गवतात गेली.

मोजणी परत शून्यापासून लावली.